दौऱ्यावरचा संच आणि बदलते थिएटर

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती आली की वर्तमानपत्रांचे रकाने तिच्या कौतुकाने भरून जातात. पडद्यावरच्या खिडक्यांचे कोपरे किती गोल झाले, रंगांची छटा कशी बदलली, हे आपण आवडीने वाचतो. त्याच आठवड्यात जगात कोठे कोठे काही माणसे डोक्याला हात लावून बसलेली असतात, कारण त्यांनी लिहिलेला आणि कालपर्यंत बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम आज सकाळी उघडतच नाही. या माणसांविषयी कोणी रकाने लिहीत नाही. मला त्यांच्याविषयी लिहावयाचे आहे. तृतीय वर्ष कलेच्या विद्यार्थिनीने असल्या विषयात नाक खुपसावे हे आमच्या काही प्राध्यापकांना आणि विज्ञान शाखेतील मित्रांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यांना एवढीच विनंती, की लेखाच्या उत्तरार्धात 'दर्या' आणि 'दऱ्या' येईपर्यंत त्यांनी धीर धरावा.

प्रथम हा व्यवहार काय आहे ते पाहू. दौऱ्यावर निघालेली नाटक मंडळी आपण पाहिली आहेत. संहिता एक, नटसंच एक, पण आज सांगलीचे थिएटर, उद्या नाशिकचे, परवा एखाद्या तालुक्याच्या गावचे पत्र्याचे सभागृह. कोठे विंग लहान, कोठे पडदा डावीकडून ओढावा लागतो, कोठे दिव्यांची बटणे भलत्याच खोलीत. प्रेक्षकाला मात्र तेच नाटक दिसले पाहिजे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही ठिकाणी चालणारा प्रोग्रॅम म्हणजे असाच दौऱ्यावरचा संच. त्याचा मोठा भाग सर्वत्र सारखा असतो. खाली एक पातळ थर असतो, तो स्थानिक व्यवस्थेशी बोलणी करतो : खिडकी उघड, अक्षर काढ, कळ दाबली गेली का ते सांग, ही फाईल दे. लिबरऑफिस या मुक्त कचेरी-संचात या थराला 'व्हीसीएल' म्हणतात. विंडोजसाठी त्याची एक पाठ, मॅकसाठी दुसरी, लिनक्ससाठी आणखी निराळी.

आता कल्पना करा की दौरा चालू असताना एका थिएटरच्या मालकाने रातोरात सारे बदलून टाकले. दरवाजा मागच्या बाजूला गेला, मायक्रोफोनला कुलूप लागले, आणि दारावर पाटी : 'ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही'. ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती येते तेव्हा असेच काहीसे घडते. आणि ॲपल कंपनीच्या मॅकवर तर ते आता दरसाल घडते. जून महिन्यात नव्या प्रणालीची कच्ची आवृत्ती दाखवावयाची आणि शरद ऋतूत ती लोकांच्या हाती द्यावयाची, असा त्या कंपनीचा शिरस्ताच पडला आहे. मधल्या तीनचार महिन्यांत संचाने नव्या थिएटरची तालीम उरकावी.

या घराण्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. जर्मनीतील स्टार डिव्हिजन या कंपनीचा 'स्टारऑफिस' संच १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी त्याची मूळ संहिता जगाला खुली केली. तो झाला 'ओपनऑफिस'. २००१ च्या मार्चमध्ये ॲपलने जुनी व्यवस्था मोडून मॅक ओएस टेन ही संपूर्ण नवी प्रणाली आणली. ओपनऑफिस तिच्यावर चालू लागले खरे, पण एक्स-इलेव्हन नावाच्या युनिक्सच्या जुन्या खिडकी-व्यवस्थेचा टेकू घेऊन. म्हणजे चालत होते, पण परक्यासारखे. मॅकवर मेनू पडद्याच्या माथ्यावर असतात, याचे मेनू खिडकीच्या आत. मॅकवाले कमांडची कळ दाबतात, हे कंट्रोलची वाट पाहत बसे. या दुरवस्थेला कंटाळून दोन प्रोग्रॅमरांनी 'निओऑफिस' नावाचा वेगळा संच उभा केला आणि कित्येक वर्षे मॅकवाल्यांची गरज भागवली. मूळ ओपनऑफिस मॅकवर मॅकसारखे दिसू लागले ते तिसऱ्या आवृत्तीत, ऑक्टोबर २००८ मध्ये. म्हणजे नवे थिएटर बांधून झाल्यावर साडेसात वर्षांनी संच तेथे घरच्यासारखा वावरू लागला! २०१० मध्ये त्यातूनच लिबरऑफिस फुटून निघाले आणि हा भार त्याने आपल्या खांद्यावर घेतला.

कोणी म्हणेल, स्वयंसेवकांचे काम, उशीर व्हायचाच. पण पैशाला तोटा नसलेल्यांचीही हीच गत झाली. जुन्या मॅक-प्रोग्रॅमांना नव्या प्रणालीत आणण्यासाठी ॲपलनेच 'कार्बन' नावाचा एक पूल बांधून दिला होता. त्या पुलावरून चौसष्ट बिटांच्या जगात जाता येईल असे सांगण्यातही आले होते. २००७ मध्ये कंपनीने तो बेत सोडून दिला. परिणाम असा, की ॲडोबीचा फोटोशॉप २००८ साली विंडोजवर चौसष्ट बिटांचा झाला आणि मॅकवर, म्हणजे ज्या चित्रकार-छायाचित्रकारांनी त्याला डोक्यावर घेतले त्यांच्याच यंत्रावर, तो बत्तीस बिटांचाच राहिला. ती दुरुस्ती व्हायला २०१० उजाडले. एवढा अजस्र प्रोग्रॅम नव्या पायावर उचलून ठेवणे म्हणजे वाड्याचे जोते बदलणे, आणि तेही बिऱ्हाडकरू आत राहत असताना.

२०१९ च्या ऑक्टोबरात आलेली कॅटलिना ही तर कडेलोटाची आवृत्ती ठरली. तिने बत्तीस बिटांचे सर्व प्रोग्रॅम एका दिवसात बाद केले. ज्यांनी पैसे मोजून घेतलेला मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा २०११ चा संच जपून ठेवला होता, त्यांना तो नुसता पाहण्यापुरता उरला. शिवाय मायक्रोफोन, कॅमेरा, घरच्या फाईली यांना हात लावण्यापूर्वी प्रोग्रॅमने वापरणाऱ्याची परवानगी मागितली पाहिजे, हा आधीच्या वर्षीपासून सुरू झालेला नियम तिने आणखी घट्ट केला. नियम योग्य आहे. माझ्या खोलीतले बोलणे कोणी ऐकावे आणि कोणी ऐकू नये हे मलाच ठरवता आले पाहिजे. पण नियम लागू होण्याची रीत पाहा. 'ऑडॅसिटी' हा ध्वनिमुद्रणाचा मुक्त प्रोग्रॅम लोकसाहित्याच्या अभ्यासकांना परिचित असेल. जात्यावरच्या ओव्या, वृद्धांच्या आठवणी टिपायला तो सोयीचा पडतो. कॅटलिनावर त्याच्या तत्कालीन आवृत्तीकडून परवानगीचा प्रश्नच पुढे येत नसे आणि ध्वनिमुद्रण कोरे निघे. पुढची सुधारलेली आवृत्ती येईपर्यंत लोक टर्मिनलची काळी खिडकी उघडून, तेथे आज्ञा टंकून तो आडवाटेने चालू करीत होते.

पुढच्या वर्षीच्या बिग सरची गंमत मला विशेष आवडली. प्रोग्रॅमांना लागणारे सामाईक भाग ज्यांत ठेवलेले असतात त्या फाईलींना संगणकाच्या भाषेत 'लायब्ररी' म्हणतात. बिग सरमध्ये प्रणालीच्या या लायब्ऱ्या आपापल्या जागी सुट्या उरल्या नाहीत, सगळ्यांचे मिळून एकच मोठे गाठोडे झाले. ग्रंथपालाकडे मागणी केली तर पुस्तक मिळत होते, पण जे प्रोग्रॅम आधी कपाटात डोकावून 'पुस्तक आहे ना?' असे पाहत, त्यांना कपाट रिकामे दिसले आणि ते 'पुस्तक नाही' म्हणून माघारी फिरले. पायथॉन भाषेतील कित्येक प्रोग्रॅम याच कारणाने अडले. त्यातच या प्रणालीचा क्रमांक वीस वर्षांनी दहावरून अकरा झाला. 'दहा' हा आकडा गृहीत धरून लिहिलेले प्रोग्रॅम गोंधळतील हे कंपनीला ठाऊक होते. म्हणून जुन्या साच्यातल्या प्रोग्रॅमांनी विचारले की प्रणाली त्यांना आपला क्रमांक 'दहा पूर्णांक सोळा' सांगे. नव्यांना खरे, जुन्यांना सोयीचे! घरातल्या आजोबांना काही गोष्टी जशा सांगत नाहीत, तसेच.

ही लबाडी अर्थात जुनीच आहे आणि तिच्यात मायक्रोसॉफ्टचा हात धरणारा कोणी नाही. विंडोज ९५ ही वस्तुतः चौथी आवृत्ती, पण जुन्या सोळा बिटांच्या प्रोग्रॅमांना ती आपला क्रमांक ३.९५ सांगत असे, कारण क्रमांक ताडून पाहताना कित्येकांनी ढिसाळपणा केला होता. 'सिमसिटी' या खेळाची हकिकत तर याहून सरस. परत केलेली स्मृती तो खेळ चोरून पुन्हा वाचत असे. जुन्या विंडोजमध्ये ते खपून जाई, नव्या विंडोजमध्ये खेळ कोसळे. दोष उघडउघड खेळाचा. तरीही मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी विंडोज ९५ मध्ये अशी तजवीज केली, की सिमसिटी चालू आहे असे दिसले तर परत आलेली स्मृती लगेच दुसऱ्याला द्यावयाची नाही. भाडेकरू वाईट खोडीचा असला तरी घर बदलताना त्याचे सामान फुटू द्यावयाचे नाही, हा तो बाणा. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स हेही आपल्या गाभ्यापुरता हाच नियम कडकपणे पाळतात : गाभ्यातल्या बदलाने चालता प्रोग्रॅम बंद पडला तर चूक गाभ्याची.

येथे मला माझे मत स्पष्ट सांगू द्या. या दोन वृत्तींपैकी मला दुसरी अधिक सुसंस्कृत वाटते. ॲपलची बाजू मला कळत नाही असे नाही. बत्तीस आणि चौसष्ट अशा दोन चुली कायम पेटत्या ठेवायच्या, तर लाकूड दुप्पट लागते. जुन्या दारांतून चोर शिरतात. आणि विंडोजच्या पोटात किती जुनाट अडगळ साठली आहे हे तिच्यावर काम करणारेच जाणोत. परंतु मालकाच्या घरातली अडगळ कमी झाली, ती गेली कोठे? ती हजारो लहान संचांच्या दारांत जाऊन पडली. मालकाचे एक काम वाचले आणि त्याच्या बदल्यात हजार ठिकाणी हजार कामे निर्माण झाली, यांपैकी पुष्कळशी विनामोबदला. वर कॅटलिनापासून प्रोग्रॅमला ॲपलकडून तपासणीचा शिक्का घ्यावा लागतो, नाहीतर वापरणाऱ्याला धमकीवजा सूचना दिसते. त्या शिक्क्यासाठी वर्षाला नव्याण्णव डॉलर वर्गणी. काही सेवाभावी आणि शैक्षणिक संस्थांना ती माफ होते, एकट्यादुकट्या हौशी प्रोग्रॅमरला मात्र होत नाही. फुकट वाटलेल्या प्रसादासाठी देवळाबाहेर बसण्याचेही भाडे!

या जाचाला उपाय म्हणून हल्ली काही मंडळींनी तमाशाच्या फडाची रीत उचलली आहे. फड थिएटरवर विसंबतच नाही. तंबू, कनात, दिवे, सारे ट्रकमध्ये घालून तो हिंडतो. 'इलेक्ट्रॉन' या साधनाने बनवलेले प्रोग्रॅम असेच आपल्याबरोबर एक अख्खा ब्राउझर बाळगतात. प्रणाली बदलली तरी त्यांचा तंबू तोच. पण मग दोन ओळींची टिपणवही उघडायची तरी ट्रक रिकामा करावा लागतो, आणि आमच्या महाविद्यालयातल्यासारख्या जुन्या यंत्रांची त्यात दमछाक होते. मला यात मधला मार्ग बरा वाटतो. थिएटर गावचेच वापरावे, पण पेटी-तबला आपला न्यावा. ज्या गोष्टीत सूर बिघडला तर नाटकच बिघडते, तेवढी आपल्याजवळ ठेवावी.

आणि आता 'दर्या' आणि 'दऱ्या'.

देवनागरी पडद्यावर उमटणे ही दिसते तितकी साधी गोष्ट नाही. 'कि' टंकताना क आधी आणि वेलांटी नंतर येते, पण दाखवताना वेलांटी पुढे आणावी लागते. जोडाक्षरे जुळवावी लागतात, रफार शेवटच्या व्यंजनाच्या डोक्यावर न्यावा लागतो. ही जुळवाजुळव करणारे स्वतंत्र यंत्र प्रोग्रॅमच्या पोटात असते. लिबरऑफिसमध्ये पूर्वी हे काम ज्या त्या प्रणालीच्या यंत्रावर सोपवलेले असे : विंडोजवर युनिस्क्राइब, मॅकवर कोअरटेक्स्ट, लिनक्सवर आणखी तिसरे. तिघांचे वळण निराळे. घरी विंडोजवर लिहिलेला निबंध महाविद्यालयात लिनक्सवर उघडला की ओळी भलतीकडे तुटत, आणि थिएटरमालकाने आपले यंत्र बदलले की संचाचा सूर आपोआप बदलत असे. फेब्रुवारी २०१७ च्या ५.३ या आवृत्तीत लिबरऑफिसने तिन्ही प्रणालींवर 'हार्फबझ' हे एकच मुक्त यंत्र बसवले. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रॅमरचे हे काम, आणि त्याचे नावही फारसीतले. पेटी-तबला आपला नेणे म्हणतात ते हेच. ज्या दिवशी हा बदल झाला त्या दिवशी मराठी वर्तमानपत्रात ओळसुद्धा छापून आली असेल असे मला वाटत नाही. वास्तविक मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती कोपरे गोल होण्याहून कितीतरी मोठी बातमी होती.

तरीही काम येथे संपत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतल्या. 'आचार्यांना' बोलावले तर व्याख्यान होते, 'आचाऱ्यांना' बोलावले तर जेवण. हा आडवा, पापणीसारखा र मराठीत अर्थ बदलतो. हिंदीला त्याची गरजच पडत नाही. त्यामुळे नव्या प्रणालीत, नव्या टंकात किंवा प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत तो जाऊन तेथे रफार उभा राहिला, तर बर्लिनमधल्या प्रोग्रॅमरला ते दिसणार नाही आणि दिल्लीतल्यालाही खटकेलच असे नाही. चूक पाहणारा डोळा मराठी वाचणाराच हवा. तीच गोष्ट मराठी वळणाच्या ल आणि श यांची. काही टंकांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले तर मराठी वळण निघते. ते सांगण्याची वाट कोठे बुजली तर गुपचूप हिंदी वळण येते. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ सालीच आले. जुन्या टंकांत ते नाही, तेथे चौकट उमटते.

आमचे एक प्राध्यापक म्हणाले, "अगं, हे सारे कंपन्यांनी पाहायचे. आपण लिहावे." सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणते, की हे पाहिले नाही तर लिहिलेले उरत नाही. आपल्या वार्षिकाच्या जुन्या अंकांची सूची करण्याचे काम गेल्या वर्षी आम्हा तिघींकडे होते. काही अंकांच्या छापील प्रती वाळवीने खाल्ल्या आहेत, पण त्यांच्या फाईली तबकड्यांवर सुखरूप मिळाल्या. त्या ज्या पृष्ठरचनेच्या प्रोग्रॅममध्ये केल्या होत्या तो आजच्या कोणत्याही प्रणालीवर उभा राहत नाही आणि त्याच्या कर्त्यांनी तो केव्हाच सोडून दिला. टंकही युनिकोडपूर्व काळातला, त्यामुळे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेलेल्या मजकुरात रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. एका माजी विद्यार्थिनीची दीर्घकथा त्यात आहे. शीर्षक सूचीत आहे, कथा वाचता येत नाही. ताम्रपट वाचणारे आपल्या विद्यापीठांत आहेत, या फाईली वाचणारा आम्हाला अद्याप सापडलेला नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे आणि तिला खर्च नाही. लिबरऑफिसची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये येते. त्याआधी तिच्या कच्च्या आवृत्त्या कोणालाही उतरवून घेता येतात, त्या नेहमीच्या आवृत्तीला धक्का न लावता शेजारी बसतात, आणि सापडलेला दोष नोंदवण्याची मुभा सर्वांना आहे. दोष नोंदवण्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. काय टंकले, काय दिसले आणि काय दिसायला हवे होते, एवढे नेटके लिहिता यावे लागते. हे तर आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांचेच काम! विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्या संगणक कक्षातली बरीच यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणजे त्यांतली काही लवकरच लिनक्सवर जातील अशी चिन्हे आहेत. तेव्हा तपासणीसाठी तिन्ही थिएटरे आपल्या एकाच छताखाली असतील, कारण मॅकही दोन आहेत.

तपासावयाच्या शब्दांची एक यादी मी केली आहे : दर्या, दऱ्या, आचार्यांना, आचाऱ्यांना, तऱ्हा, ऱ्हास, कुऱ्हाड, वाङ्मय, उद्ध्वस्त, कर्तृत्व, ॲरिस्टॉटल, ऑक्टोबर, आणि ल व श साठी 'शाल'. मराठी विभागाच्या मोडी जाणणाऱ्या आणि संस्कृत विभागाच्या सरांनी तीत भर घालावी. फेब्रुवारीच्या आवृत्तीच्या कच्च्या प्रती त्याआधीच्या आठवड्यांत मिळू लागतात. तोवर आपल्या सत्र परीक्षा आटोपलेल्या असतात आणि संगणक कक्ष दुपारी दोननंतर रिकामाच असतो.